पोस्टकार्डावरची बरोबरी

एक पट, मोहरे, रेघी वही आणि 50 पैशांची पोस्टकार्डं घ्या. पट अशा जागी मांडा जिथे महिनोन्‌महिने कुणी हात लावणार नाही. परंड्यातून नागपूरच्या मावसभावाशी माझे डाव असेच चालतात.

आधी आकडे शिका. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या 1 ते 8, त्याच्या बाजूने समोर आडव्या ओळी 1 ते 8. निघालेलं घर, मग पोचलेलं घर. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की 5254. पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1951 सालचा. त्याचे खेळाडू हेच आकडे वापरत आले, म्हणून भाषेची अडचण येत नाही.

कार्डावर खेळीचा क्रमांक, समोरच्याची खेळी, आपली खेळी, कार्ड मिळाल्याची आणि टाकल्याची तारीख लिहा. 10 खेळींना 30 दिवस ठरवा. टपालाचे दिवस त्यात धरायचे नाहीत. पेटीत टाकण्याआधी कार्डावरचे आकडे वाचून मोहरा पटावर पुन्हा हलवा. मी एकदा 4144 ऐवजी 4143 लिहिलं. घोडा मारायचा होता, वजीर त्याच्या अलीकडेच थांबला. खेळी नियमात बसत होती, त्यामुळे मागे घेता आली नाही. डाव गेला.

आता आमचा बरोबरीचा डाव मांडा. पांढरा आधी:

5254–5755, 7163–2836, 6125–7866, 5171–6654, 4244–5446, 4455–4625, 1214–2544, 6344–3644, 4144–4745, 5546–4846, 4454–4656, 5444–5646, 4454–4656, 5444–5646.

तिसऱ्या खेळीला काळ्याचा घोडा बाहेर आला की तो स्पॅनिश सुरुवातीतला बर्लिन बचाव. चौथीला पांढऱ्याचा किल्लेकोट. आमच्या भुईकोटाच्या तटाआड गेल्यासारखा राजा कोपऱ्यात निर्धास्त होतो. काळ्याचा राजा मात्र मधल्या पट्टीवरच राहतो, म्हणून अकराव्या खेळीला वजिराचा शह बसतो. काळा वजीर आडवा येतो, पांढरा वजीर माघारी फिरतो, काळाही फिरतो. मारामारी टाळून दोघेही तेच करत राहतात.

दहावी, बारावी आणि चौदावी खेळी संपताना पट हुबेहूब सारखा दिसतो. काळ्याने शेवटच्या कार्डावर 5646 लिहून हे तीन क्रमांक द्यावेत आणि बरोबरी मागावी. उत्तरात ‘बरोबरी मान्य’ आलं की कार्डं तारखेने लावून दोऱ्याने बांधा. पुढच्या डावात रंग बदला.