भिंत ओली का?

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यात घराला ओल येते, हे आपल्याला नवे नाही. पण भर चैत्रातही भिंत ओली राहिली, तर काय समजावे?

एका घरी असेच झाले. भिंत मातीची. भिंतीला लागून धानाची पोती. पोत्यांना कुबट वास येऊ लागला.

घरधनी म्हणाला, "भिंत पुन्हा लिंपून टाकू."

घरधनीण म्हणाली, "अहो, दोनदा लिंपली. दोन्ही वेळा पोपडे पडले. पाणी कुठून येते, ते आधी पाहा ना!"

बाई खरे बोलली. भिंतीखालून नळाचा पाइप गेला होता. त्याचा जोड सुटला होता.

ओल ओळखा

पावसाची ओल वरून उतरते. कवेलू फुटले की तिथून पाणी झिरपते. जमिनीची ओल भिंतीच्या पायथ्याला सगळीकडे चढते. पाइपाची ओल बहुधा एकाच जागी असते. नळाला पाणी आले की ती वाढते. उन्हाळ्यातही ती जात नाही.

नळाला पाणी आले की घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा. मीटर असेल तर पाहा. काटा फिरतो? मग पाणी कुठेतरी गळते आहे.

नुकसान किती?

तासाला १ लिटर गळले, तर दिवसाला २४ लिटर गेले. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एका माणसाचे जवळजवळ अर्धे पाणी मातीत गेले!

आणखी एक धोका आहे. नळ बंद असताना त्याच भोकातून घाण पाणी पाइपात शिरते. ते पिऊन जुलाब होतात, कावीळ होते.

काय करावे?

१. त्या भिंतीवर विजेचे बटण किंवा तार असेल, तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या भिंतीला हात लावू नका.

२. भिंत फुगली किंवा आरपार चिरली असेल, तर तिच्याजवळ झोपू नका. गवंड्याला दाखवा.

३. पाण्याची चावी बंद करा. पाइप जपून उकरा. फुटका तुकडा कापून नवा जोड बसवा. चिंधी किंवा रबर बांधणे हा दोन दिवसांचा उपाय.

४. खड्डा लगेच बुजवू नका. पाणी सोडून पाहा. जोड कोरडा राहिला, तरच माती टाका.

५. सुटे पोपडे खरवडा. भिंत पूर्ण वाळू द्या. घाई करू नका.

६. मग तणसाचे तुकडे कालवलेल्या चिखलाने भिंत लिंपा. मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचते.

त्या घरी असेच केले. पोती उन्हात घातली. मग भिंतीपासून हातभर दूर, फळीवर रचली. भिंत आता कोरडी आहे.

आधी गळती थांबवा, मग भिंत लिंपा.

सांगा पाहू

१. पाइपाची ओल कशी ओळखाल?
२. तासाला २ लिटर पाणी गळले, तर दिवसाला किती जाईल?
३. तुमच्या घरची कोणती भिंत उन्हाळ्यातही ओली असते?