नांगराची साखळी मोजताना

करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठावर, ताडपत्रीवर साखळी अंथरलेली होती. सोलापूरहून आलेल्या भाचीला वाटलं, मामांनी होडी विकायला काढली.

"विकतोय कशाला? पाऊस लागायच्या आत नांगराचं सामान बघून घेतोय," मामा म्हणाले. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईला बोटींवर काढलेली.

"पण धरणात नांगर कशाला? काठाला बांधली की झालं."

"आणि मधोमध इंजिन बंद पडलं तर?" मामा थांबले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. काठावरचं कुणीच ते विसरलेलं नाही. "नांगर असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण बंद पडलेल्या होडीचं तोंड वाऱ्याकडं धरून ठेवायला नांगरच लागतो. होडी आडवी झाली की लाट आत येते."

"मग नुसता दोर का नाही? साखळीचं ओझं कशाला?"

"शेतातला नांगर पाहिलायस ना? ओढ वर गेली की फाळ उचलला जातो. इथंही तेच. साखळी जड, ती तळाला पडून राहते, म्हणून ओढ आडवी राहते आणि फाळ रुततो. त्यासाठी साखळी-दोर मिळून लांबी खोलीच्या पाचपट तरी हवी."

उजनीत हा हिशेब बदलता असतो. धरण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची पातळी ४९१.०३. म्हणजे ५.८० मीटरचा फरक, आणि पाचपटीनं २९ मीटर दोर जादा. उन्हाळ्यात पुरलेला दोर भरल्या धरणात तोकडा पडतो तो असा.

मामांनी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि कडी कडीवर घासते तिथंच लावला. "मधली जाडी मोजून फसू नकोस. मोठ्या जहाजांवर सरासरी जाडी १२ टक्के झिजली की साखळी बाद. म्हणजे १० मिलिमीटरची कडी ८.८ वर आली की संपली. त्याआधी, नांगराकडचं टोक जास्त घासतं म्हणून साखळी उलटी करून जोडायची. आणि साखळी नांगराला जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेनं बांधायची, नाहीतर हिसक्यांनी ती सुटते."

"दोराचं काय मोजायचं?"

"मोजायचं नाही, उकलायचं. पीळ सोडून आत बघ."

तिनं दोर पिरगळला. आतून भुकटी बोटांना लागली. तळातला गाळ शिरून धाग्यांना कापत होता. मामांनी तेवढा भाग कोयत्यानं तोडला. दोन तुकडे गाठ मारून जोडू का, असं तिनं विचारलं, तर त्यांनी मान हलवली: गाठीत दोराची जवळजवळ निम्मी ताकद जाते, पदर एकमेकांत गुंफले तर फार थोडी. दोर नायलॉनचाच, कारण तो ताणतो आणि हिसका पचवतो. पॉलिप्रोपिलीन पाण्यावर तरंगतं, दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकतं, उन्हात ठिसूळ होतं.

ठेवायचं कसं, ते मामांनी करूनच दाखवलं. साखळीचा गाळ धुतला, ती वाळेपर्यंत पेटीत टाकली नाही. दोर सावलीत, डिझेल आणि बॅटरीपासून लांब, खुंटीवर सैल टांगला.

लाल रंगाचा डबा मात्र भाचीनं उघडला. किती लांबी पाण्यात सोडली ते कळावं म्हणून साखळीवर दर ५ मीटरला एक पट्टा ओढत ती मोठ्यानं मोजू लागली.