नाजूक जागेचा सोरायसिस

अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जांघा व काखा घामाने ओल्या राहतात आणि तेथे लाल चट्टा उठला, की तो गजकर्णच समजून औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणले जाते. तो चट्टा कधी सोरायसिसचाही असतो. कोपर-गुडघ्यांवर दिसणारा रुपेरी पापुद्रा त्वचेच्या घड्यांत धरत नाही. चट्टा गुळगुळीत व लाल राहतो, म्हणून ओळख चुकते.

दुकानातील अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने प्रारंभी आराम पडतो, पण तेथील मुळात पातळ कातडी अधिकच विरते व कायमचे वण पडतात. त्वचारोगतज्ज्ञ अशा जागी सौम्य स्टेरॉइड थोडेच दिवस व पुढे टॅक्रोलिमससारखे मलम देतात.

खरा अडसर लाजेचा आहे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि तो कुष्ठरोगही नव्हे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी आवर्जून सांगावे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीस जाताना आधी लावलेल्या मलमाची नळी रुग्णाने सोबत न्यावी.