अँटिऱ्हिनमचा दुसरा बहर

भूमध्य समुद्राच्या काठी खडकाळ उतारांवर आणि जुन्या भिंतींच्या फटींत मूळ धरून राहणारे अँटिऱ्हिनम जात्या बहुवर्षायु असूनही आपल्या बागाईतदारांनी त्याला एका हिवाळ्याचे पाहुणे ठरवावे आणि पहिला तुरा सुकताच उपटून उकिरड्यावर टाकावे, हा त्या झाडावर निव्वळ अन्याय आहे. देशावरील वैशाखाचे ऊन त्याला सोसवत नाही हे खरे. तथापि वेळेवर छाटणी केल्यास त्याच झाडापासून दुसरा बहर घेता येतो, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत आडोशाची तजवीज असेल, तर झाड पुढील सालासही राखण्याजोगे असते.

पावसाने उघडीप दिली की आश्विनात बी पेरावे. ते इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये कित्येक हजार दाणे भरतात. सबब ते वाळूत मिसळून चाळलेल्या मातीवर नुसते पसरावे व तळहाताने हलके दाबावे. वर माती लोटू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. रोपांना पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, आणि निचऱ्याच्या वाफ्यात 25 ते 30 सेंटीमीटर अंतरावर लागण करावी.

खरी खबरदारी तांबेऱ्याची घ्यावयाची. आठवड्यातून एकदा खालची पाने उलटून पाहावीत : वर फिकट पिवळा ठिपका व त्याच जागी खाली तपकिरी भुकटीचे फोड दिसले, बोटाला ती भुकटी लागली, की रोग शिरला असे समजून ती पाने तत्काळ खुडून जाळावीत. बुरशीचे बीजाणू ओल्या पानावरच रुजतात, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे. संध्याकाळी झारीने झाडे न्हाऊ घालण्याची हौस येथे घातक ठरते.

तुरा खालून वर उमलत जातो. विक्रीसाठी खालची तिसरा हिस्सा फुले उमलताच तो कापावा व उभाच ठेवावा, कारण आडव्या तुऱ्याचे शेंडे वर वळून वाकडे होतात. झाडावर राहिलेल्या तुऱ्यांत बोंडे धरू देऊ नयेत. बी पोसण्यात झाडाचे बळ सरते. पहिला बहर ओसरताच, पानांच्या काही निरोगी जोड्या राखून, 10 ते 15 सेंटीमीटरवर छाटावे, कुजलेले शेणखत घालून हलके पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यांतून नवे फुटवे निघतात व थंडी टिकली तर माघ-फाल्गुनात पुन्हा तुरे धरतात. डोंगरावरच्या कुंड्या मृगापूर्वी छपराखाली, पण उजेडात, हलवाव्यात आणि माती वरून सुकल्यावाचून पाणी घालू नये.