स्विच बदलल्यानंतर घरातील वाय-फाय

दोन-तीन मजल्यांच्या किंवा जाड भिंतींच्या घरात एकाच राउटरचा बिनतारी संदेश सर्व खोल्यांपर्यंत पोहोचत नाही. अशा घरात ठिकठिकाणी ॲक्सेस पॉइंट बसवतात. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट तारेने एका छोट्या पेटीला जोडलेला असतो. या पेटीला स्विच म्हणतात. आलेली माहिती नेमक्या उपकरणाकडे पाठवणे हे स्विचचे काम. ते तो इतक्या निमूटपणे करतो, की त्याचे अस्तित्वच आपण विसरतो. म्हणूनच स्विच बदलल्यावर वाय-फाय बंद पडले, तर दोष प्रथम ॲक्सेस पॉइंटला दिला जातो आणि त्याचे रीसेटचे बटण दाबले जाते. तसे केल्याने त्यात साठवलेले जाळ्याचे नाव, संकेतशब्द आणि इतर सर्व मांडणी पुसली जाते. मूळ दोष स्विचपाशी तसाच राहतो, आणि दुरुस्तीचे काम मात्र दुप्पट होते.

वीज पोहोचते का?

प्रथम ॲक्सेस पॉइंटवरील दिवा पाहावा. छतावर लावलेल्या ॲक्सेस पॉइंटला बहुधा विजेची वेगळी तार नसते. माहितीच्याच तारेतून त्याला वीज मिळते. या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई, असे म्हणतात. जुना स्विच पीओई देणारा आणि नवा साधा असेल, तर दिवा लागणारच नाही. २००३ च्या ८०२.३ एएफ या मानकानुसार स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. तारेतील घट वजा जाता उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात. २००९ च्या ८०२.३ एटी मानकाने पोर्टची मर्यादा ३० वॅटवर नेली. मात्र स्विचची एकूण क्षमताही पाहावी लागते. आठ पोर्ट मिळून ६० वॅट देणाऱ्या स्विचकडून प्रत्येक पोर्टवर ३० वॅटची अपेक्षा करता येत नाही. खरेदी करताना खोक्यावरील हा आकडा वाचण्याचा कंटाळा पुढे महागात पडतो.

काही जुने ॲक्सेस पॉइंट २४ व्होल्टच्या ‘पॅसिव्ह’ पद्धतीवर चालतात. वरील मानके पाळणारा स्विच आधी उपकरणाची ओळख पटवतो आणि मगच वीज सोडतो. त्यामुळे अशा उपकरणाला तो वीज देत नाही. त्यासाठी उपकरणासोबत आलेली वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे इंजेक्टर, जपून ठेवावा. तो दुसऱ्या उपकरणाला जोडू नये. ते उपकरण जळू शकते.

तारांची गुंतागुंत

दिवा लागतो, पण जाळे चालत नाही, असेही घडते. घाईत एकाच तारेची दोन्ही टोके स्विचमध्ये खोचली गेली, तर काही संदेश वर्तुळात फिरत राहतात, त्यांच्या प्रती वाढत जातात आणि सारे जाळे ठप्प होते. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. पुष्कळ स्वस्त स्विचमध्ये ती नसते. जुना स्विच काढण्यापूर्वी प्रत्येक तारेला चिठ्ठी चिकटवणे हा साधा उपाय तेथे उपयोगी पडतो.

पाहुण्यांचे जाळे

घरच्या जाळ्यापासून पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवण्यासाठी व्हीलॅन ही सोय वापरली असेल, तर तिची नोंद ॲक्सेस पॉइंट आणि राउटर यांच्याप्रमाणे स्विचमध्येही असते. नव्या स्विचला ती ठाऊक नसते. मग पाहुण्याच्या फोनवर जाळ्याचे नाव दिसते, संकेतशब्दही स्वीकारला जातो, पण पत्ता मिळत नाही. हा पत्ता वाटणारा असतो राउटर. त्याची मागणी वाटेत स्विचपाशीच अडते. येथे एक मोह होतो: व्हीलॅन काढून टाकले, की पाहुण्यांचे जाळे लगेच सुरू होते. मात्र त्याच क्षणी पाहुण्याच्या फोनला घरातील संगणक आणि कॅमेरे यांच्यापर्यंतची वाट मोकळी होते. त्यापेक्षा नव्या स्विचमध्ये व्हीलॅनचे जुनेच क्रमांक संबंधित पोर्टांवर पुन्हा नोंदवावेत आणि त्याच बैठकीत स्विचचा कारखान्यातून आलेला संकेतशब्दही बदलावा.

पाठगत प्रश्न

१. ॲक्सेस पॉइंट रीसेट करण्याची घाई का करू नये?

२. प्रत्येकी १२ वॅट लागणारे सहा ॲक्सेस पॉइंट एकूण ६० वॅटच्या स्विचवर चालतील का? कारण लिहा.