आधी पायरी, मग विठोबा

पंढरीस आपण पुष्कळ जण जातो. पण दर्शनाचा क्रम ध्यानी घेणारे थोडे. आधी चंद्रभागेचे स्नान, मग भक्त पुंडलिकाचे दर्शन, मग महाद्वार. तेथे नामदेवरायांची पायरी. संतांची चरणधूळ माथी पडावी म्हणून त्यांनी ही जागा मागितली, असे परंपरा सांगते. आपण मात्र तीवर पाय न देता मस्तक टेकतो. समोरच चोखोबांची समाधी. त्यांना जिवंतपणी देवळात शिरू दिले नाही. सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरीतच प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भाविकांना हे दार मोकळे झाले. म्हणून सांगतो, बाबांनो, महाद्वार घाईने ओलांडू नका. या दोघांपुढे जो वाकला नाही, त्याने आत जाऊन देवाच्या पायांवर डोके ठेवले, तरी विठोबा त्याला कसा भेटावा?