मेटफॉर्मिन : घरोघरची गोळी

आमच्या विष्णुपुरीची ओळख परगांवच्या माणसास दोन गोष्टींनीं पटते : एक गोदावरीवरचें धरण, व दुसरें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या महाविद्यालयाच्या रुग्णालयांतून परतणाऱ्या मधुमेही मंडळींच्या पिशवींत जी गोळी बहुधा सांपडते, तिच्याविषयीं येथें लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. तिचें नांव मेटफॉर्मिन. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं कोणी ना कोणी वडील माणूस ती घेत असेल. परंतु ती करिते काय, हें विचारणारें घर विरळा.

तुरी-हरभऱ्याच्याच कुळांतील गॅलेगा नांवाचें एक जांभळट फुलांचें झुडूप युरोपांत उगवतें. त्यांतील द्रव्यानें रक्तांतील साखर उतरते, पण तें विषारी आहे. त्याच जातीचें मेटफॉर्मिन १९२२ सालीं डब्लिन येथें वर्नर व बेल या रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें. तथापि नुकत्याच सांपडलेल्या इन्शुलिनपुढें त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९५७ सालीं झां स्टर्न या फ्रेंच वैद्यानें तें मधुमेह्यांस देऊन अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हां कुठें त्याचें दैव उघडलें.

रात्रभर पोट रिकामें असतां सकाळीं साखर वाढलेली कशी, असें कित्येक रोगी विचारतात. यकृत हें शरीराचें कोठार होय. उपाशीपणीं तें स्वतः साखर करून रक्तांत सोडतें, आणि मधुमेहांत या कोठाराचें दार उघडेंच राहतें. मेटफॉर्मिन तें दार लोटून घेतें. स्वादुपिंडास तें जुंपीत नाहीं, म्हणून एकट्या या गोळीनें साखर एकाएकीं उतरून घेरी येण्याचा प्रसंग क्वचितच येतो. प्रारंभीं मळमळ व ढाळ होतात. जेवणाबरोबर घेतल्यास हा त्रास कमी होतो.

तिचा गुण साखरेपुरताच नाहीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासांत, ज्या स्थूल मधुमेह्यांस ही गोळी दिली त्यांच्यांत हृदयविकाराचे झटके मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षां ३९ टक्क्यांनीं कमी आढळले. २००२ सालच्या अमेरिकन अभ्यासांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत तो रोग जडण्याचें प्रमाण या गोळीनें ३१ टक्क्यांनीं घटलें. मात्र आहार आवरून व नेमानें चालून तेंच ५८ टक्क्यांनीं घटलें. (हा आकडा वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे.) तिनें आयुष्य वाढतें, कर्करोग टळतो, असेंहि कोणी म्हणतात, तें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

आतां आमच्या प्रांतास विशेष लागू पडणारी गोष्ट. वर्षानुवर्षें ही गोळी घेतल्यास आंतड्यांतून ब-१२ जीवनसत्त्व शोषलें जाण्यास अडथळा येतो. हें जीवनसत्त्व ज्वारींत नाहीं, तुरीच्या वरणांत नाहीं, अंबाडीच्या भाजींतहि नाहीं. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतच मिळतें. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत पुणें व आसपासच्या सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळलें. म्हणजे गोळी सुरू होण्याआधींच आमची शिल्लक अपुरी! यकृतांतील सांठा हळूहळू सरतो, आणि मग पायांस मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, थकवा येतो, विसर पडूं लागतो. घरचीं माणसें म्हणतात, “शुगर वाढली असेल, दुसरें काय?” मधुमेहानेंहि अशाच मुंग्या येतात, म्हणून ही चूक सहज घडते. पण दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास मज्जातंतूंची हानि कायमची होऊं शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनीं तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, व मज्जातंतूंचा नाश आंतल्याआंत चालूच राहतो.

म्हणून भिऊन गोळी सोडावी, असें मुळींच नाहीं. तसें करणें अधिक घातक. रक्त तपासून उणीव कळते, आणि ब-१२ च्या गोळ्यांनीं किंवा सुईनें ती भरून निघते. मूत्रपिंडें दुबळीं झालीं असल्यास, अथवा वांत्या-जुलाबांनीं शरीर कोरडें पडल्यास, ही गोळी चालूं ठेवावी कीं नाहीं हेंहि डॉक्टरांसच विचारावें.

वेष्टनावर व्यापारी नांवाबरोबर मेटफॉर्मिन हें नांवहि छापलेलें असतें. आजोबांचा चष्मा तेथवर पोंचत नाहीं, विद्यार्थ्यांचे डोळे पोंचतात. तें नांव, गोळीचें वजन व ती किती वर्षें चालू आहे, एवढें एका कागदावर उतरून पुढच्या भेटीस आजोबांच्या खिशांत ठेवावें.